हात वर करा

"न विचारता हलवायला आम्ही काय कपाटं आहोत?" हरिश्चंद्रकाकांनी काठी आपटली.

काशीगावच्या त्या वृद्धाश्रमात महिन्याची सभा भरली होती. फळ्यावर लिहिलं होतं: गिरिजाबाई, दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर, शेवंतीबाईंच्या खोलीत. काका मात्र वरच. उभा जन्म जोडीने काढला आणि आता खडूच्या एका रेघेने ताटातूट! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका जुने युनियनवाले. बायकोला घेऊन इथे राहायला आल्यापासून त्यांनी व्यवस्थापनाला सळो की पळो करून सोडलं होतं. साडेसहाचं जेवण आठला नेलं ते त्यांनीच. बुधवारी चौकच्या कोळीवाड्यातून ताजे बोंबील यायला लागले तेही त्यांच्यामुळेच. दर वेळी मतदान व्हायचं आणि काकांचे दोन हात वर जायचे. एक मोकळा, दुसऱ्याच्या मुठीत गिरिजाबाईंचं मनगट. बुधवारी गिरिजाबाई वरणभात खायच्या. लढा म्हटला की एवढं चालायचंच.

"काका, आपण तिघं ऑफिसात बसून बोलू या ना," मॅनेजर ममता हळू आवाजात म्हणाली.

"बंद दाराआड? जमणार नाही! नियम काय ठरलाय? ज्याची खोली बदलायची, त्याला आधी विचारायचं. हिला विचारलंत?"

ममताने गिरिजाबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"हिचे गुडघे दुखतात, हेच सांगणार ना? अहो, माझ्याशिवाय हिला घास उतरत नाही!"

"काका, प्लीज..."

"विचारा! सगळ्यांसमोर विचारा. घाबरताय कशाला?"

"बरोब्बर बोलतायत!" मागून पंढरीनाथ ओरडले. टाळ्या पडल्या. काकांची छाती फुगली. या वयातही आपल्यात धमक आहे, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

ममताने सुस्कारा सोडला. "ठीक आहे. काकू, तुम्हाला परत एकदा विचारतेय. खाली जायचं असेल तर हात वर करा."

काका हसले. गिरिजाबाईंचा हात खालीच राहावा म्हणून त्यांनी सवयीने शेजारी, त्यांच्या मांडीकडे मूठ नेली.

मनगट तिथे नव्हतं. ते वर होतं, ताठ.