सराईच्या दारातलं घमेलं

"कोण तुम्ही? कुठून आलात?" पहारेकऱ्याने हात आडवा घातला.

मामा गोंधळले. उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला, किती रात्री या सराईच्या ओवरीत पाठ टेकली, पण दारात हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. आता सराईचं हॉटेल झालं होतं. काम त्यांच्या आर्किटेक्ट भाचीनेच केलं होतं, दगड न् दगड जपून. "मामा, उद्घाटनाला यायचंच हं," असं तिने बजावून सांगितलं होतं, म्हणून इस्त्रीचा निळा सदरा घालून ते आले होते. पायात मात्र नेहमीच्याच झिजक्या चपला.

भाची दाराच्या आतच उभी होती. भिंतीवरची नवी पाटी मालकांना वाचून दाखवत होती, 'इथे वाटसरूला कोण, कुठला, असं कधी विचारलं गेलं नाही.' वाक्य मामांचंच. मालक त्यावर भलतेच खूश होते. आणखी एका सराईचं काम तिलाच द्यायचं त्यांनी आत्ताच बोलून दाखवलं होतं.

"कोण आहेत ते?" मालकांनी दाराकडे बघत विचारलं.

तिने मामांकडे पाहिलं. मग त्यांच्या चपलांकडे.

"कामावरचं असेल कुणीतरी," ती बोलून गेली.

बोलली आणि तिची कानशिलं तापली. आपली जीभ झडली का नाही, असं तिला वाटलं. पण शब्द मागे घ्यायला ती काही पुढे झाली नाही.

मामांनी ऐकलं होतं. दाराच्या कोपऱ्यात गवंड्यांचं एक घमेलं राहून गेलं होतं, चुन्याने माखलेलं. मामा वाकले आणि त्यांनी ते उचललं.

"हेच न्यायला आलो होतो, साहेब. इथेच राहिलं होतं बघा," ते हसून म्हणाले आणि घमेलं छातीशी धरून रस्त्याला लागले. इस्त्रीच्या सदऱ्याला चुना लागला.

मालक खोल्या बघायला आत गेले. ती तिथेच उभी राहिली. दाराबाहेर, रस्त्याकडे बघत.

"मॅडम," पहारेकरी चाचरत म्हणाला, "ते घमेलं आपलंच होतं ना?"

निळा सदरा वळणाआड जात होता.

"आपलेच होते," ती म्हणाली.