अर्धा शब्द

पडद्यावर ओळी धावत होत्या. मनाली हात बांधून बसली होती. तिच्या पाठीशी विणकर सोसायटीचे सेक्रेटरी, शहाजीकाका, उभे.

"तू तर कायच करीनास. मग हे लिहितंय कोण?"

"कंपाईल होतंय, काका. सॉफ्टवेअर आपल्याच मशिनवर तयार होतंय. फुकट असतं हे. सगळा कोड उघडा, कुणीही वाचावा."

"उघडा? आन् त्यानं कुलूप लावायचं?"

बाहेर मागांची खडखड. सोसायटीची मोराची चादर मागावर चढण्याआधीच बाजारात आली होती, दुसऱ्याच्या लेबलाखाली. डिझाईन नेटवर होतं, पासवर्डामागं. पासवर्ड दोघांनाच ठाऊक: काका आणि मनाली. सोमवारी मीटिंग. विषय एकच, मनालीला कॉम्प्युटरच्या कामावर ठेवायचं की काढायचं. तोवर नवं कुलूप तिनंच करायचं आणि काकांनी नजर ठेवायची.

ओळी थांबल्या.

परवलीचा शब्द द्या:

"आता आपली मुख्य किल्ली निघेल. तिच्या सहीनं एकेका कॉम्प्युटरला सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, द्यायचं. ते नसेल तर डिझाईन उघडणारच नाही." तिनं दोन अक्षरं दाबली. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"दाबलंस, दिसलं न्हाय."

"दिसत नाही. तसंच असतं."

"लई सोयीचं हाय की तुझ्या. खोड ते. ऊठ."

काकांनी तोड काढली. अर्धा शब्द त्यांचा, अर्धा तिचा. एकट्याला किल्ली चालवताच येऊ नये.

"तोंड तिकडं कर."

ती भिंतीकडं वळली. ते एका बोटानं दाबत राहिले. मग ते भिंतीकडं, ती कीबोर्डवर.

पुन्हा द्या:

खात्रीसाठी तोच शब्द परत हवा होता. काका परत खुर्चीत बसले, ती भिंतीकडं वळली, आणि भोंगा वाजला. जेवणाची सुट्टी. माग थांबले.

त्या शांततेत मनालीला पाठीमागून ऐकू आलं, "एम... डबल ई... एन... ए..."

ती हलली नाही. गप्प राहिली असती तर अख्खा शब्द तिचा होता.

"काका, मीनाकाकूंचं नाव टाकताय."

"बघितलंस! चोरून बघितलंस!"

"भिंतीकडं तोंड आहे माझं. तुम्ही बोलून टाइप करताय."

"मी? न्हाय बा."

"दाबा की एक अक्षर."

त्यांनी बोट टेकवलं. "एम," त्यांचंच तोंड म्हणालं. त्यांनीही ऐकलं.

मनाली वळली.

"जुना पासवर्ड रोज सकाळी कोण टाकायचं?"

"मीच की. दुसऱ्या कुणाला हात लावू देतो व्ह..."

त्यांची नजर समोर गेली. टेबलासमोर बाकडं होतं. सकाळी माग सुरू व्हायच्या आधी व्यापारी तिथं चहाला बसत. आजचा एक कप अजून बाकड्याच्या काठावर होता.

काकांनी कप उचलला, परत ठेवला.

"सगळं खोड," ते म्हणाले. "नवा शब्द घिऊ."

परवलीचा शब्द द्या:

"सोमवारी मीटिंगमध्ये सांगाल ना, काका?"

काकांनी खिशातलं पेन काढलं, दातांत घट्ट धरलं, आणि तिला हातानंच खूण केली: तोंड तिकडं.