पाचांत एक

फॉर्मवर एकच चौकोन रिकामा होता. त्यात एक नाव लिहायचं होतं.

“साधा रूल आहे, बाई,” विश्वेश्वर साने म्हणाला. “दर पाचांत एक ‘डी’ शेरा. डी म्हणजे घरी. तुमच्या कॉइल सेक्शनला पाचजणी आहेत. एक नाव द्या.”

सानेला पुण्याहून येऊन सहा महिने झाले होते. आल्या आल्या त्यानं दारावरची ‘पर्सनल’ची पाटी उतरवून ‘ह्यूमन रिसोर्स’ची लावली. यशवंतपूरच्या त्या कारखान्यात तोवर साहेबाशी कानडीत नाहीतर इंग्रजीत बोलायचं. आपलं मराठी बोलणारा साहेब आला म्हणून प्रमोदिनीनं पहिल्या दिवशी घरून त्याच्यासाठी डब्यातून चिरोटे आणले होते.

“पाचीजणींचं काम सारखंच आहे, सर.”

“तेच तर!” त्यानं रजिस्टर तिच्याकडे वळवलं. “वर्षभर रोज सारखं? कुणाचं डोकं दुखत नाही? कुणाची तार तुटत नाही? अहो, मशीनसुद्धा इतकं सारखं चालत नाही.”

प्रमोदिनी रजिस्टरकडे बघत राहिली. अक्षर तिचं, खाली सुपरवायझर म्हणून सही तिची. रोज सव्वाचारला, मोजणीच्या जरा आधी, ती पाणी प्यायला जायची. तहान असो नसो. परत येईपर्यंत पाचही ट्रे सारखे भरलेले असायचे. पाचींत सगळ्यांत जुन्या चंद्राबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हापासूनचा हा रिवाज. केसासारखी तांब्याची तार तिला दिसत नव्हती, बोटांनी चाचपूनच ती गुंडाळायची. निम्म्याच कॉइल व्हायच्या. उरलेल्या चौघींच्या ट्रेमधून यायच्या. कंपनीच्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. त्यानं डोळे पाहिले की ‘अनफिट’ लिहिणार. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तिची.

“मी सोमवारपासून प्रत्येकीच्या मागे एक माणूस उभा करू शकतो,” साने म्हणाला. “मग रजिस्टर खोटं निघालं, तर पाचीजणी जातील. सही करणारीपण. मला ते नकोय, बिलीव्ह मी. चहा घ्या ना, गार होतोय.”

तिनं सवयीनं केसांच्या अंबाड्याकडे हात नेला. पेन तिथेच खोचलेलं असायचं. नव्हतं.

“पेन पूजेला बसलंय, सर.”

शनिवारी नवमी, रविवारी दसरा, दोन्ही दिवस सुट्टी. म्हणून कारखान्यातली आयुधपूजा शुक्रवारीच होती. एकदा हत्यार पूजेला ठेवलं की ते सोमवारपर्यंत उचलायचं नाही. इतक्या वर्षांत कुणी उचललं नव्हतं.

साने हसला. “माझंही नेलंय त्यांनी सकाळी.” त्यानं ड्रॉवर उघडला आणि एक नवी कोरी, टोक केलेली पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. “यानं लिहा. पुढे टाइप होणारच आहे. पाच वाजेपर्यंत द्या.”

खाली शेडमध्ये मशीनं धुऊनपुसून गप्प उभी होती. प्रत्येकाला शेवंतीची माळ, दाराला केळीचे खुंट. टेबलावर पक्कड, कात्र्या, पाने मांडलेले, आणि सगळ्यांत वर प्रमोदिनीचं पेन. पाचींतली लक्ष्मीदेवी कोहळ्यात कुंकू भरत होती.

“काय म्हणाले साहेब, अक्का?” तिनं विचारलं. “तोंड असं का झालंय? स्वल्प कॉफी पी.”

“काही नाही गं. कागद होते.”

“मग पाणी तरी पिऊन ये,” भव्या मागून म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

प्रमोदिनीही हसली. घडी घातलेला फॉर्म पोलक्यात होता, पेन्सिल मुठीत. भव्याचं लग्न ठरलेलं. लक्ष्मीदेवीच्या घरात मिळवणारी ती एकटी. कुठल्याही नावापाशी थांबलं तरी पुढचं नाव डोळ्यांपुढे यायचं, आणि फिरून ती चंद्राबाईपाशीच येत होती. चंद्राबाईपासून तिला हलता येईना.

लक्ष्मीदेवीनं दृष्ट काढून दारात कोहळा आपटला. हळदीकुंकवाचं ताट घेऊन चंद्राबाई मशीनं पुजत आली. वडीलकीचा मान तिचाच होता. आधी हातानं मशीन चाचपायची, मग बोट टेकवायची. एकही टिळा वाकडा नव्हता.

“कोण, पमी का? ये. हात पुढे कर.”

प्रमोदिनीनं डावा हात पुढे केला.

“उजवा गं! लग्नाच्या आधीपासून शिकवतेय तुला, अजून डावा-उजवा कळेना.” चंद्राबाईनंच तिचा उजवा हात ओढून घेतला. मूठ उघडली. तिची बोटं पेन्सिलीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली. टोकाशी थांबली.

“ही पूजेची राहिली की बाहेर. कोरी दिसते. साहेबाची? बाकीच्या सेक्शनांतून एकेक नाव मागितलंय म्हणे त्यानं.”

“हं.”

चंद्राबाईनं पेन्सिलीला हळद लावली, कुंकू लावलं, रीतीप्रमाणे ती आपल्या दोन्ही डोळ्यांना टेकवली. आता ही टेबलावर जाणार, सोमवारपर्यंत कुणी उचलायची नाही, असं क्षणभर प्रमोदिनीला वाटलं.

चंद्राबाईनं पेन्सिल तिच्याच हातात परत ठेवली आणि एकेक बोट मिटून तिची मूठ बंद केली.

“साहेबाची वस्तू अडकवून ठेवू नये, पमे,” ती म्हणाली. “काम असेल त्याचं.”