बोलत्या अवयवांचा खेळ

"आज कुणाच्या शरीराला बोलतं करायचं?" डॉ. केसकरांनी रंगमंचावर आपल्या तपासणी-यंत्राशेजारी उभं राहून विचारलं.

"डॉक्टरकाकांच्या!" सोसायटीची पोरं एका सुरात ओरडली. मंदाकिनीबाई आठवडाभर त्यांना शेंगदाण्याचे लाडू चारत होत्या, ते काही उगाच नाही.

गेल्या दिवाळीत याच यंत्राने बाईंच्या मूत्राशयाला पडद्यावर नाचवून गाणं म्हणायला लावलं होतं. बाई जिना उतरल्या की पोरं अजून ते गाणं गुणगुणत.

"अहो, माझ्यात काय बघायचंय?" डॉक्टर कसनुसं हसले.

"आमचं बघताना नाही लाजलात ते!" बाईंनी पहिल्या रांगेतून सुनावलं.

नाइलाजाने डॉक्टर यंत्राच्या खुर्चीत बसले. पडद्यावर गोलमटोल हृदय आलं आणि नाकात बोलू लागलं, "मुलांनो, माझ्या दोन नळ्या तुंबल्यात बरं का! तिसरीही आज-उद्या बंद!"

प्रत्येक आजार हसवत सांगायचा, हे यंत्राला डॉक्टरांनीच शिकवलेलं. प्रेक्षागृह खदखदून हसलं. डॉक्टर घामाने निथळले, कारण त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"वन्समोर!" पोरं ओरडली. हृदयाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मंदाकिनीबाईंनी आधी मनसोक्त टाळ्या वाजवल्या आणि मगच रुग्णवाहिकेला फोन लावला.