शिवकन्येचा नेम

"जीभ दाखवा," डॉक्टर म्हणाले.

शिवकन्येनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जीभ बाहेर काढली. लालभडक, गुळगुळीत. पंचाक्षरीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो घाम पुसत होता. बायकोनं अजून चाळिशी गाठली नव्हती आणि तिचं डोकं पार रिकामं होत चाललं होतं. भाजीत दोनदा मीठ, गॅलरीत पाणी भरायला गेली तर नळ तसाच वाहता. परवा तर तिनं पोटच्या लेकीला विचारलं, "तू कुणाची गं?" तेव्हापासून पंचाक्षरी दिसेल त्याला इलाज विचारत होता. त्याची आई म्हणायची, बाहेरचं लागलंय. लातूर जिल्हा झाला तेव्हा ज्या नव्या कचेरीत तो कारकून म्हणून लागला, तिथले साहेब म्हणायचे, वेड आहे, इलाज नाही.

"पायांना मुंग्या येतात?"

"येतात की. अंधारात तोल बी जातो," ती म्हणाली.

"जेवणात काय असतं?"

इथं मात्र पंचाक्षरी ताठ बसला. "आमी लिंगायत, सायेब. अंडं न्हाई, मटण न्हाई. आन् हिचं तर दूध-दही बी बंद हाय. दुष्काळात लेकरांना दूध पुरंना, तवा हिनं नेम धरला. गावाकडच्या हिरीला पाणी लागंस्तोर दुधाचा थेंब घ्यायचा न्हाई. चार सालं झाली. गावात लई नाव हाय हिचं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नावच राहील. बाई राहायची नाही."

"म्हंजी, सायेब?" पंचाक्षरी खुर्चीत पुढं सरकला.

"बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं," डॉक्टर सावकाश सांगू लागले. "तुमच्यासारख्यांना ते दुधा-दह्यातूनच मिळतं. यांच्या अंगात ते उरलेलंच नाही. रक्त तपासलं तेव्हाच शंका आली होती. ते संपलं की नसा दुबळ्या होतात, माणूस विसरायला लागतो. हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. इंजेक्शनं सुरू करू. वेळेत आणलंत, बहुतेक सगळं परत येईल."

परत येईल, एवढंच पंचाक्षरीला ऐकू आलं. भर दवाखान्यात तो लहान पोरासारखा रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. ज्या नेमाचं कौतुक तो पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरला, तोच बायकोला आतून खात होता. त्याचं वाईट तो पुढे सावकाश वाटून घेणार होता.

इंजेक्शन झाल्यावर त्यानं तिला समोरच्या हॉटेलात बसवलं आणि गरम दूध मागवलं. ग्लास पुढं येताच तिनं हात पदराखाली घेतले.

"हिरीला कुठं पाणी लागलंय अजून? देव कोपला म्हंजी?"

"देव कोपला तर त्याच्या पाया पडता येतंय," तो म्हणाला. "तूच मला इसरलीस, तर मी कुणाच्या पाया पडू?"

तिनं पदराखालचे हात बाहेर काढले. मग तिनं दोन्ही हातांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून गल्ल्यावरच्या माणसाकडे रोखून पाहिलं.

"पाणी घातलंय बघा मेल्यानं."