चाकांवरचं मीठ

चाकांवर पुन्हा गंज आला होता.

श्रीपाद अंगणात उकिडवा बसून बघतच राहिला. रविवारी दोन्ही रिमा त्यानं रॉकेलनं पुसल्या होत्या, वर तेलाचा हात फिरवला होता. आज गुरुवार, आणि तारा जिथं रिमेत शिरतात तिथं पुन्हा तांबडे डाग. एके ठिकाणी तर वरचा चकचकीत मुलामा पापुद्र्यासारखा सुटला होता. मोटरसायकल औषधांच्या कंपनीची, पण तिचे लाड घरच्या जावयासारखे चालायचे. पावसाळा सरून तीन महिने झाले होते. मग हे पाणी येतं कुठून? विचार करकरून त्याचं डोकं भणाणलं.

परवा, शनिवारी, कंपनीचे साहेब गाडी बघायला येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुन्हा गंज दिसला तर गाडी जमा करा आणि गोदामात बसा." ठाण्यापासून शहाडपर्यंतचे डॉक्टर आणि औषधांची दुकानं श्रीपादकडे होती. त्या फिरतीवर त्याचा जीव होता.

तो तडक तानाजी मिस्त्रीकडे गेला. तानाजीनं चाक फिरवलं, तारांवर नख वाजवून बघितलं, डागावर बोट घासलं आणि ते बोट सरळ जिभेला लावलं.

"खारट हाय," तो म्हणाला. "गाडी घेऊन मिठागरात जाता का, साहेब?"

"मिठागरात? अरे, कळव्याच्या खाजणाकडे मी फिरकतसुद्धा नाही!"

"मग मीठच तुमच्याकडं येतंय. पण ध्यानात ठेवा, आसंच चाललं तर शिमग्यापतुर ही रीम फाकंल. चालत्या गाडीत फाकली तर तुमी काय ऱ्हात न्हाई."

घरी येईपर्यंत श्रीपादनं गुन्हेगार ठरवूनही टाकला. शेजारचा गुरुदत्त. त्यानं परवा गाडी मागितली होती आणि श्रीपादनं दिली नव्हती. दुसरं कोण असणार? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही घाई श्रीपादच्या अंगात लहानपणापासूनच होती.

दिवेलागणीला त्यानं गाडी नेहमीच्या जागी लावली. नेहमीसारखा, पण बूट न काढता, न्हाणीघरात गेला, बादलीत तांब्या आपटून आवाज केला आणि गुरुदत्तला रंगेहाथ पकडायला मागच्या दारानं, घराला वळसा घालून, दबक्या पावलांनी अंगणाच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला.

चाकाशी त्याची आई बसली होती.

सगुणाबाईंच्या हातात तांब्या होता. चाकावर धार धरून त्या एकेक तार हातानं चोळत होत्या. तारांच्या मुळाशी पदराचं टोक घालून घालून पुसत होत्या. ओठ पुटपुटत होते. देवाची भांडीसुद्धा त्या इतक्या मन लावून घासत नसत.

"आई!"

त्या दचकल्या. तांब्यातलं पाणी सांडलं.

"काय चाललंय हे?"

"काही नाही रे. चाकं धुतेय. मिठाच्या पाण्यानं."

"रोज?"

"रोज. तू आंघोळीला गेलास की." मग त्या जराशा ठामपणानं म्हणाल्या, "अरे, तिठ्यावर लोक उतारे टाकतात. लिंबू, भात, काय काय असतं. पायी जाणारा माणूस वळसा घालून जातो. चाकाला कुठं कळतंय? ते सगळं चाकाला लागतं आणि तुझ्यामागं घरात येतं. तुझ्याआधी ही गाडी ज्याच्याकडे होती, तो प्रभाकर हिच्यावरूनच पडला ना? त्याला कोण होतं चाकं धुवायला!"

"अगं, हे मीठच चाक खातंय!" श्रीपादचा आवाज चढला. "तानाजी म्हणाला, चाक फाकलं तर मी जिवंत राहायचा नाही. तुझ्या मिठानं मरेन मी, आई!"

बोलला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सगुणाबाईंनी आधी तांब्याकडे बघितलं, मग चाकाकडे. "मिठानं?" त्या म्हणाल्या. "मिठानं कसं? मिठानं तर सगळं निघून जातं." हात टेकत टेकत त्या पायरीवर बसल्या. "मग आता मी काय करू?"

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. लोखंड, खार, मुलामा, असं बरंच काही श्रीपादच्या जिभेवर आलं, पण त्यातलं एकही आईच्या कामाचं नव्हतं. शनिवारचं शनिवारी बघता येईल, असं त्याला वाटलं. तो तिच्या शेजारी बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"चाकं कंपनीची आहेत, आई. पाय माझे आहेत. मीठ माझ्या पायांवर घालत जा."

त्याच्या पांढऱ्या, मोज्यांच्या वळ्या उमटलेल्या पावलांकडे सगुणाबाई गोंधळून बघत राहिल्या.

"पण तुझे पाय रस्त्याला लागतात कुठं?"

श्रीपाद उठला, विजारीचे पाय दुमडले आणि अनवाणीच फाटकाबाहेर पडला.

"काय हो श्रीपादराव, वहाणा चोरीला गेल्या की काय?" गुरुदत्तनं ओट्यावरून विचारलं.

श्रीपाद थांबला नाही. तिठ्यापर्यंत गेला, तिथल्या धुळीत चांगला इकडून तिकडे चालला आणि परत आला. घोट्यापर्यंत माखलेले पाय त्यानं खालच्या पायरीवर ठेवले.

"आता घाल," तो म्हणाला.

सगुणाबाईंनी तांब्या भरून आणला. त्यात मूठभर मीठ टाकलं, जराशा थांबल्या आणि आणखी एक मूठ टाकली.