हान्नाची वेणी

“कोपऱ्यात उभं राहून बघायचं, कशाला हात लावायचा नाही,” असं डॉक्टर कुलथेंनी जर्मनीहून शिकायला आलेल्या हान्नाला बजावलं होतं. समोर पहिलटकरीण अडली होती. नाशिकला हलवावं तर वाटेत घाट.

“आधी त्या गोरीची वेणी सोडा,” पहिलटकरणीची म्हातारी सासू दारातून ओरडली. “खोलीत गाठ असली तर बाळ सुटायचं कसं?”

“आजी, हा दवाखाना आहे!” डॉक्टर कडाडले.

नर्सने अर्थ सांगताच हान्ना म्हणाली, “सर, वेणी तर माझीच आहे.” तिने केस मोकळे सोडले.

थोड्याच वेळात बाळाने टाहो फोडला. आजीने हान्नावरून कडाकडा बोटं मोडली. डॉक्टर गंभीरपणे बाहेर निघाले आणि उंबऱ्यात अडखळले. त्यांच्या दोन्ही बुटांच्या नाड्या कोणीतरी नीट सोडून ठेवल्या होत्या.